वाचनालय जीवही वाचवते!

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? लाकडी बाके, टेबलावर पसरलेली वर्तमानपत्रे, 'शांतता पाळा' अशी पाटी, आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे ग्रंथपाल. ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षरओळखही नाकारण्यात आली, त्या समाजाला वाचनालयाचे मोल वेगळे सांगावयास नको. पुस्तकांसाठी 'राजगृह' उभारणाऱ्या महामानवाचा वारसा आपण सांगतो. वाचनालय माणसाला शहाणे करते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु वाचनालयातला कर्मचारी मरणाच्या दारातील माणसाचा श्वास परत आणतो, असे कोणी सांगितले तर आपला विश्वास बसेल काय?

हे घडलेले आहे. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक वाचनालयांतील कर्मचाऱ्यांनी नशेच्या ओव्हरडोसने, म्हणजे अतिमात्रेने, कोसळलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याचे शिक्षण घेतले आहे. ही वेळ त्यांच्यावर का आली, त्यांनी काय केले, त्याला विरोध कोणत्या मुद्द्यांवर झाला, आणि आपल्या वस्त्यांनी त्यातून काय घ्यावे, हे आम्ही या लेखात मांडत आहोत. विषय अप्रिय आहे. कुटुंबाच्या पानावर नशेची चर्चा कशाला, असेही काहींना वाटेल. आमचे म्हणणे असे की, नशा घरातच शिरलेली असताना तिची चर्चा घराबाहेर ठेवून चालणार नाही.

बंद कारखान्यांची वस्ती

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात केन्सिंग्टन नावाचा कामगारांचा भाग आहे. एके काळी येथे गालिचे, लेस आणि कापड विणणारे कारखाने धडाक्याने चालत. भोंगा झाला की माणसांचे लोंढे रस्त्यावर येत. पुढे एकामागून एक कारखाने बंद पडले. काम गेले, माणसे राहिली. रिकाम्या हातांच्या वस्तीत हेरॉईनचा धंदा करणारे शिरले आणि तेथेच ठाण मांडून बसले. मुंबईतील लालबाग-परळ ज्यांनी १९८२ च्या संपानंतर पाहिले आहे, त्यांना ही कहाणी परकी वाटणार नाही.

या केन्सिंग्टनमध्ये मॅकफर्सन चौक नावाची एक बाग आहे आणि बागेच्या मधोमध सार्वजनिक वाचनालयाची खांबांची, घुमटाची देखणी इमारत आहे. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळविलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालये उभी राहिली. त्यांपैकीच हे एक, १९१७ साली सुरू झालेले. शंभर वर्षांनी या बागेला लोक 'सुयांची बाग' म्हणू लागले. गवतात, बाकांखाली, पायऱ्यांवर नशेच्या इंजेक्शनच्या सुया सापडू लागल्या. वाचनालयाच्या स्वच्छतागृहात इतक्या सुया टाकल्या गेल्या की गटार तुंबले आणि २०१६ साली वाचनालय काही दिवस बंद ठेवावे लागले. ते उघडल्यावर नियम आला: ओळखपत्र दाखवावे, मगच आत जावे, आणि पाच मिनिटांत बाहेर यावे.

पण नियमाने माणसे मरायची थांबत नाहीत. बागेच्या बाकावर, हिरवळीवर माणसे निळीकाळी पडून कोसळत. रुग्णवाहिका येईपर्यंत उशीर होई. म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनी नॅलोक्सोन नावाचे औषध वापरण्याचे शिक्षण घेतले. २०१७ साली वर्तमानपत्रांतून हे प्रसिद्ध झाले, तेव्हा किशोर आणि प्रौढ वाचकांचा विभाग सांभाळणाऱ्या एका तरुण ग्रंथपाल बाईंनी काही महिन्यांत सहा माणसांचे प्राण वाचविले होते. वाचकांना पुस्तके काढून देणारी ही बाई! हाक आली की हातातले काम टाकून औषध घेऊन बागेत धावायची.

या वाचनालयात शाळा सुटल्यावर वस्तीतील मुले येतात. आईबाप कामावर असतात. गृहपाठाला टेबल मिळते, खायला मिळते, आणि रस्त्यावरच्या धंद्यापासून दोन तास दूर राहता येते. वाचनालय बंद केले असते तर नशा करणारे दुसरीकडे गेले असते. मुले मात्र कुठे गेली असती? म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनी दार बंद केले नाही. बाहेर कोणी कोसळले तर मुलांनी कुठे थांबायचे, याची तालीमही त्यांनी घेतली.

श्वास का थांबतो?

ओव्हरडोस म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. अफू आणि अफूच्या जातीची द्रव्ये, म्हणजे हेरॉईन, आपल्याकडचे गर्द किंवा ब्राऊन शुगर, मॉर्फिन, खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, ही सारी मेंदूतील ठराविक जागी जाऊन बसतात. वेदना थांबते, सुख वाटते. पण श्वासाला हुकूम देणारे मेंदूचे केंद्रही त्यामुळे सुस्तावते. मात्रा फार झाली की श्वास मंदावतो, घोरल्यासारखा, गुळगुळ आवाज येतो, आणि मग तो थांबतो. प्राणवायू न मिळाल्यास चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. थोडक्यात, माणूस नशेने मरत नाही, श्वास थांबल्याने मरतो. आणि श्वास थांबत असताना कोणी जवळ असेल तर तो वाचू शकतो.

नॅलोक्सोनचे काम येथे येते. हे औषध मेंदूतील त्याच जागांवरून अफूच्या द्रव्याला हुसकावून लावते. इंजेक्शनने किंवा नाकात फवारा मारून ते दिले की बहुधा दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घेऊ लागतो. अमेरिकेत त्याला १९७१ साली मान्यता मिळाली, नाकातील फवारा २०१५ साली आला, आणि २०२३ पासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागला. चुकून दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध पडलेल्या माणसाला दिले तरी त्याने अपाय होत नाही. मात्र दारू, झोपेच्या गोळ्या, गांजा किंवा एमडी यांच्यावर ते चालत नाही. शिवाय त्याचा असर अर्ध्या ते दीड तासाने ओसरतो आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो. म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते.

अमेरिकेवर हे संकट औषधाच्या रूपानेच आले. १९९६ साली ऑक्सीकॉन्टिन नावाची तीव्र वेदनाशामक गोळी बाजारात आली. तिची सवय लागत नाही, असा दिशाभूल करणारा प्रचार झाला. २००७ साली त्या कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तोवर असंख्य माणसांना चटक लागून चुकली होती. गोळ्या मिळेनाशा झाल्यावर माणसे हेरॉईनकडे वळली. मग फेंटानिल आले. ते हेरॉईनच्या ५० पट तीव्र! २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत त्या देशात ओव्हरडोसने दरसाल एक लाखाहून अधिक माणसे मेली. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आकडा दिसला की भागाकार करून पाहतो. दिवसाला २८० हून अधिक प्रेते! २०२४ साली हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. तो केवळ वाचनालयांमुळे उतरला असे कोणीही म्हणणार नाही. नॅलोक्सोन सर्वदूर पोहोचविणाऱ्या अनेक हातांपैकी वाचनालय हा एक हात होय.

वाचनालयच का?

कोणी विचारील, इस्पितळे आहेत, पोलीस आहेत, मग पुस्तकांच्या घराने ही उठाठेव का करावी?

उत्तर सोपे आहे. ज्याला कुठेच थारा नाही, त्याला वाचनालयात बसता येते. तेथे तिकीट नाही. काही विकत घ्यावे लागत नाही. 'येथे का बसलास?' असे कोणी विचारत नाही. थंडीत ऊब, उन्हात सावली आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह मिळते. म्हणून बेघर, बेकार आणि व्यसनी माणूस तेथे येतो. इस्पितळात नाव-पत्ता सांगावा लागतो, पोलीस दिसला की तो पळतो. वाचनालयात मात्र तो स्वतःच्या पायांनी चालत येतो. त्याला गाठण्याची यापेक्षा चांगली जागा कोणती?

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वाचनालयाने हे लवकर ओळखले. तेथे २००९ साली पूर्ण वेळ समाजसेविका नेमण्यात आली. पुढे ज्यांनी स्वतः बेघरपणा सोसला होता अशा माणसांनाही कामावर घेण्यात आले. त्यांचे काम असे की, बसलेल्या माणसाशी बोलावे, त्याला निवारा, जेवण, दवाखाना कुठे मिळेल ते सांगावे. डेन्व्हर शहराच्या वाचनालयानेही समाजसेवक नेमले, आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनाच 'वाटाडे' म्हणून सोबतीला घेतले. २०१७ च्या सुरुवातीला त्याच वाचनालयाच्या स्वच्छतागृहात एक तरुण ओव्हरडोसने मेला. त्यानंतर तेथे नॅलोक्सोन ठेवण्यात आले, कर्मचारी शिकले, आणि त्याच वर्षी त्या औषधाने अनेकांचे प्राण वाचले. २०१८ साली तर औषध बनविणाऱ्या कंपनीने देशातील प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाला दोन मात्रा फुकट देण्याची घोषणा केली.

तथापि औषध मारणे हा या कामाचा शेवटचा भाग आहे, पहिला नव्हे. आठ अमेरिकन वाचनालयांच्या अनुभवांचा एक अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या चळवळीत वाचनालयांनी केलेली कामे पाहा. व्यसनाविषयी गावात उघड बोलणाऱ्या सभा घेतल्या. ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्या आईबापांना एकत्र बसविले. घरात उरलेल्या वेदनाशामक गोळ्या मुलांच्या हाती पडू नयेत म्हणून त्या परत गोळा करण्याची सोय केली. नागरिकांना नॅलोक्सोन वापरण्याचे वर्ग भरविले. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया टाकण्यासाठी पेटी बसविणारीही वाचनालये आहेत. माहिती देणे हे वाचनालयाचे मूळचेच काम. फक्त माहिती कोणाला आणि कशासाठी, हे त्यांनी नव्याने ठरविले.

विरोधाचे मुद्दे

हे सारे बिनविरोध झाले असे समजू नये. अनेक ग्रंथपाल म्हणाले, आम्ही पुस्तकांचे शिक्षण घेतले, परिचारिकेचे नाही. हे म्हणणे चुकीचे नाही. डोळ्यांसमोर माणूस मरताना पाहणे, किंवा वाचवूनही दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा पडलेला पाहणे, याचा ताण मनावर येतो. पगार तोच, जबाबदारी दुप्पट. सरकारने घरे, दवाखाने आणि रोजगार यांवरचा खर्च आखडता घ्यायचा आणि ते ओझे ग्रंथपालाच्या खांद्यावर टाकून मोकळे व्हायचे, हा अन्यायच आहे. म्हणून जेथे हे काम नीट चालले, तेथे औषध देण्याची सक्ती कोणावर केली नाही. तयार असतील त्यांनाच शिकविले आणि प्रसंग घडल्यावर कर्मचाऱ्यांची विचारपूस करण्याची सोय ठेवली.

दुसरा आक्षेप असा की, वाचविणारे औषध हाताशी आहे म्हटल्यावर माणसे बेफिकीर होऊन जास्तच नशा करतील. ऐकायला पटते, पण विचार करून पाहा. विहिरीशेजारी दोर ठेवला म्हणून कोणी विहिरीत उडी घेतो काय? नॅलोक्सोन दिल्यावर माणसाला सुख होत नाही. अंग दुखते, ओकाऱ्या येतात, जीव कासावीस होतो. हौसेने कोणी त्या वाटेला जात नाही.

तिसरा आक्षेप मनातला असतो, उघड बोलला जात नाही: 'अशा माणसाला वाचवायचेच कशाला?' आम्हांला हा प्रश्न सर्वांत भयंकर वाटतो. काही माणसे जगण्याच्या लायकीची आणि काही नाहीत, ही वाटणी कोणी कोणासाठी केली, त्याचा आपल्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला असणार? आपण तरी तो प्रश्न तोंडी आणता कामा नये. व्यसन सोडवायचे तर माणूस आधी जिवंत राहिला पाहिजे. प्रेताला कोणत्याही केंद्रात उपचार मिळत नाहीत.

आपल्याकडे काय?

आपल्याकडचे चित्र अमेरिकेसारखे नाही. फेंटानिलची तशी लाट येथे आलेली नाही आणि आपली मोठी शत्रू आजही दारूच आहे. परंतु अफूच्या जातीची नशा आपल्याकडे थोडी आहे, असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे २ कोटी २६ लाख माणसे अफूच्या जातीची द्रव्ये घेतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे, असे त्यात नमूद आहे. मुंबईत १९८० नंतर गर्द पसरले, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले आणि पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' उभे राहिले. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारात येऊन चाळीस वर्षे झाली.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीगत येथे सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. थोरला मुलगा गर्दच्या नादी लागला. आईने कर्ज काढून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तीन महिन्यांनी तो सुधारून घरी आला, चेहऱ्यावर तेज आले, कामालाही लागला. एका संध्याकाळी जुने सोबती भेटले. त्याने पूर्वी घेत होता तेवढेच घेतले. सार्वजनिक शौचालयाच्या पायरीवर तो घोरत पडलेला अनेकांनी पाहिला. 'टाईट होऊन पडलाय, उतरली की उठेल,' असे म्हणून लोक ओलांडून गेले. सकाळी तो थंड झालेला होता. त्याची आई पुढे कित्येक दिवस एकच वाक्य बोलत असे, "अरे, कुणी हलवून तरी बघायचं होतं रे!"

या हकीगतीत दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि दोन्ही वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हत्या. पहिली अशी की, काही आठवडे नशा बंद राहिली म्हणजे शरीराची ती सोसण्याची ताकद उतरते. जुनीच मात्रा आता जीव घेते. केंद्रातून, तुरुंगातून किंवा इस्पितळातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात. दुसरी गोष्ट अशी की, नशा केलेल्या माणसाचे खोल, अडकत्या आवाजाचे घोरणे ही शांत झोप नसते. ती धोक्याची घंटा असते. त्या मुलाला वाचवायला पैसा लागणार नव्हता. एवढी माहिती असलेला एक माणूस लागणार होता. आणि वस्तीत माहिती ठेवण्याची जागा कोणती? वाचनालय!

आपली वाचनालये काय करू शकतील?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित वाचनालये गावोगाव आहेत. त्याशिवाय वस्त्यांतील मंडळांची वाचनालये आहेत, विहारांतून चालणाऱ्या अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले तेथे रात्रीपर्यंत बसतात. तरुणांचा असा राबता दुसऱ्या कोणत्या जागी आहे?

नॅलोक्सोन आपल्याकडे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण ते इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्यामुळे अमेरिकेसारखे ते कपाटात ठेवून वाचनालयाने स्वतः देणे, हा मार्ग आपल्याला आज मोकळा नाही. ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होण्याचा संभव आहे अशा लोकांच्या हाती हे औषध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच केली आहे. ती मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. परंतु औषध नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी खर्चावाचून करता येतात.

वाचनालयाच्या फलकावर, आणि स्वच्छतागृह असल्यास त्याच्या दाराच्या आतल्या बाजूस, तीन क्रमांक ठळक लिहावेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६. दाराच्या आतल्या बाजूस अशासाठी की, क्रमांक लिहून घेताना कोणी पाहत नाही.

व्यसनावरची पुस्तके, पत्रके कुलपात ठेवू नयेत. न विचारता उचलता येतील अशी उघडी ठेवावीत. 'हे पुस्तक कोणासाठी पाहिजे?' या एका प्रश्नाने माणूस पुन्हा येत नाही.

वर्षातून दोनदा सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना बोलावून श्वास देण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे. अभ्यासिकेतील मुले, महिला मंडळातील भगिनी, शौचालयाची देखभाल करणारे, रिक्षावाले या सर्वांना बसवावे. हे शिक्षण बुडालेल्या, विजेचा धक्का बसलेल्या माणसालाही उपयोगी पडते.

जवळचे सरकारी उपचार केंद्र कोठे आहे, त्याची माहिती वाचनालयात असावी. जिभेखाली ठेवायच्या बुप्रेनॉर्फिनच्या गोळीने गर्दची ओढ आटोक्यात येते आणि ओव्हरडोसचा धोका कमी होतो. असे उपचार सरकारी केंद्रांतून मिळतात, हे अनेक घरांना ठाऊकच नसते. कायद्याची भीती हेही उपचार टाळण्याचे एक कारण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. नशा करणारा स्वतः पुढे येऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करील, तर सेवन केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यासाठी त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हा कागद फलकावर लावण्यास काय हरकत आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे, 'गर्दुल्ला' हा शब्द वाचनालयाच्या उंबऱ्याबाहेर ठेवावा. शिवी ऐकणारा माणूस लपून, एकटाच, कडी लावून नशा करतो. एकट्याला ओव्हरडोस झाला तर हाक मारायला कोणी नसते. बंद दाराआड माणसे मरतात, ती लाजेने मरतात.

घरातल्यांनी लक्षात ठेवावे

माता-भगिनींनी पुढील मजकूर कापून कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

१. नशा केलेला माणूस हाकेला उत्तर देत नसेल, तर त्याचे खांदे हलवावेत. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोराने चोळावे. तरीही जागा झाला नाही तर तो झोपलेला नाही, संकटात आहे.

२. श्वास फार मंद किंवा अडखळत असेल, घशातून गुळगुळ आवाज येत असेल, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर हा ओव्हरडोस समजावा. सावळ्या माणसाचे ओठ निळे दिसतीलच असे नाही. राखाडी दिसतात. नखे पाहावीत.

३. ताबडतोब १०८ ला फोन करावा. 'श्वास घेत नाही' हे शब्द आधी सांगावेत. काय घेतले हे डॉक्टरांपासून लपवू नये.

४. श्वास थांबला असेल तर उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक असा तोंडाने श्वास द्यावा. नाडी लागत नसेल तर छाती दाबावी. हे आधी शिकून घेणे उत्तम.

५. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. एकटे सोडू नये.

६. मिठाचे पाणी, दूध, लिंबू पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले काहीही फुप्फुसात जाऊ शकते. थंड पाण्याची बादली ओतू नये. 'उतरेल सकाळपर्यंत' असे म्हणून झोपू देऊ नये.

७. दारू किंवा झोपेच्या गोळ्या आणि गर्द एकत्र घेणे सर्वांत घातक, हे घरातील तरुणांना स्पष्ट सांगावे. आणि केंद्रातून परत आलेल्या मुलाला हेही सांगावे की, पूर्वीची मात्रा आता तुझा जीव घेईल. हे सांगणे म्हणजे नशेला परवानगी देणे नव्हे. घाटात वळणाची पाटी लावतात, ती कोणी दरीत जावे म्हणून नसते.

मॅकफर्सन चौकातील वाचनालयाने केन्सिंग्टनची गरिबी हटविली नाही, धंदा करणाऱ्यांना हुसकावले नाही. ती कामे सरकारची होती आणि आहेत. त्या वाचनालयाने एवढेच केले की, दारात पडलेल्या माणसाला ओलांडून कोणी आत गेले नाही. आपल्या वस्तीतील वाचनालयाकडे त्यांच्यासारखा पैसा नाही, औषधही नाही. पण फलक आहे, खडू आहे, बसायला बाके आहेत आणि लिहिता-वाचता येणारी तरुण मुले आहेत. येत्या रविवारी प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारिणीने दहा मिनिटे या विषयाला द्यावीत आणि ते तीन क्रमांक फलकावर लिहून टाकावेत. सुरुवात तेवढ्यानेही होईल. पायरीवर घोरत पडलेल्या पुढच्या मुलाला निदान कोणीतरी हलवून बघेल.